बोलताना जबडा कुठे जातो

माणूस बोलत असतो तेव्हा त्याचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना लागत नाहीत. खात्री करायची असेल तर ‘सहासष्ट’ हा शब्द सावकाश उच्चारावा आणि ‘स’च्या वेळी जबड्याकडे लक्ष द्यावे. खालचे पुढचे दात वर आणि किंचित पुढे येतात, वरच्या दातांच्या कडांच्या अगदी जवळ जातात आणि तिथेच थांबतात. मध्ये साधारण एक ते दीड मिलिमीटर जागा उरते, आणि जिभेच्या खोलगट मध्यावरून आलेली हवा या कडांवर आदळून बाहेर पडते तेव्हा ‘स’ ऐकू येतो. माझ्या झिजलेल्या दातांवर जे उपचार झाले त्यांचा मोठा भाग या एवढ्याशा जागेभोवती फिरत होता, आणि ती सगळी प्रक्रिया जशी घडली तशी लिहून ठेवावी असे मला मनापासून वाटते.

मी परभणी जिल्ह्यातील सेलूची. माध्यमिक शाळेत मराठी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. वर्गात साठ-सत्तर मुले, वर पत्रे, पावसाच्या सरी सुरू झाल्या की त्यांच्याही वर आवाज चढवून शिकवायचे, ही आमच्या भागातील कितीतरी शाळांची नित्याची गोष्ट आहे. पन्नाशी उलटल्यावर माझ्या वरच्या पुढच्या दातांच्या कडा पातळ होऊन त्यांचे बारीक कपचे उडू लागले. माठातले पाणीही दातांना झोंबू लागले. मग श्रुतलेखन घेताना मागच्या बाकावरून ‘बाई, साल की शाल?’ असा प्रश्न येऊ लागला, आणि तो वारंवार येऊ लागला तेव्हा मला काळजी वाटली, कारण जिचे काम उच्चारावर चालते तिच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. संध्याकाळी घरी परतल्यावर कानांच्या पुढची जागा दुखत असे. सासूबाईंचे म्हणणे होते की बोलून बोलून दात झिजले. शिक्षकखोलीतही सर्वांचे तेच मत होते.

गावातील दंतवैद्यांनी तपासून सांगितले की झीज पुढच्या दातांपुरती नाही, दाढाही बसक्या झाल्या आहेत, आणि कारण कळल्याशिवाय नुसत्या कॅप बसवल्या तर त्या फुटतील. त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात, म्हणजे घाटी या सरकारी रुग्णालयाच्या आवारात, कृत्रिम दंतशास्त्र विभागात जाण्यास सांगितले. सेलूहून रेल्वेने परतूर, जालना करत तिथे पोहोचता येते, त्यामुळे पुढच्या सगळ्या खेपा मला जमल्या.

तिथे मला तपासणाऱ्या डॉक्टर पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या आणि त्यांच्यावर विभागातील प्राध्यापकांचे लक्ष होते. त्या हिंगोलीकडच्या असल्यामुळे पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘बाई’ म्हणूनच हाक मारली. खुर्चीवर बसवण्याआधी त्यांनी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. जबडा सकाळी उठताना अवघडलेला असतो की संध्याकाळी दुखतो? पित्ताचा त्रास आहे का, आंबट पाणी तोंडात येते का? चिंच, कैरी, लिंबू किती खाता? लहानपणी दात कशाने घासले? झोपेत दात खाण्याचा आवाज घरात कोणी ऐकला आहे का? शेवटच्या प्रश्नाला मी नाही म्हणाले, पण सोबत आलेले माझे यजमान म्हणाले की आवाज येतो, आणि बऱ्याच वर्षांपासून येतो. जबडा सकाळीही अवघडतो आणि संध्याकाळीही दुखतो, या माझ्या उत्तराखाली डॉक्टरांनी रेघ ओढून ठेवली. तिचा अर्थ मला नंतर कळला: सकाळचा ताण रात्रीच्या दात खाण्याकडे बोट दाखवतो, तर दिवसभर बोलल्यावर वाढत जाणारा ताण वेगळी चौकशी मागतो.

त्यानंतर आरसा माझ्या हातात देऊन त्यांनी माझे दात मलाच दाखवले. एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. दाढांच्या उंचवट्यांवर त्याची जाडी सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंत असते आणि एकदा गेले की ते पुन्हा तयार होत नाही. त्याच्या आत पिवळसर आणि तुलनेने मऊ डेंटिन असते, आणि ते उघडे पडले की झीज वेगाने पुढे सरकते. माझ्या तोंडात तीन प्रकारच्या खुणा एकत्र होत्या. हिरड्यांजवळ बाहेरच्या बाजूने आडव्या खाचा होत्या. त्या राखुंडी आणि पुढे मिश्री बोटाने जोर लावून घासल्याच्या. आमच्या पिढीतल्या मराठवाड्यातील बायकांच्या तोंडात अशा खाचा सर्रास सापडतात, आणि मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच असल्यामुळे तिचा धोका दातांपुरता थांबत नाही, हे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. खालच्या दाढांच्या उंचवट्यांवर बारीक खळगे होते, आणि एका दाढेतील जुनी चांदी भोवतालच्या दातापेक्षा वर उचलली गेल्यासारखी दिसत होती; हे आम्लाचे काम, कारण पित्ताचे आम्ल दात विरघळवते आणि चांदीला काही करत नाही. तिसरी खूण सर्वांत ठळक होती. सुळ्यांची टोके आणि पुढच्या दातांच्या कडा सपाट, गुळगुळीत आणि चकचकीत झाल्या होत्या. दातावर दात घासला की असे होते.

आता प्रश्न असा होता की दातावर दात घासला कधी. डॉक्टर म्हणाल्या, “बाई, खालचा जबडा उजवीकडे सरकवा, अजून थोडा, आणि तिथेच धरा.” जबडा नेहमीच्या जागेपासून चांगलाच बाजूला गेल्यावर वरच्या सुळ्याचा चकचकीत भाग खालच्या सुळ्याच्या चकचकीत भागावर असा काही बसला की जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर घासून जुळाव्यात. मी ते आरशात पाहिले. मग त्यांनी मला त्याच स्थितीत जबडा ठेवून एखादे वाक्य बोलण्यास सांगितले, आणि मला एक अक्षरही धड उच्चारता आले नाही. ज्या जागी दात झिजले होते त्या जागी जबडा नेऊन कोणीही बोलत नाही. बोलताना जबड्याची हालचाल मुख्यतः वर-खाली आणि थोडी पुढे-मागे असते, आणि ती असते तरी किती? तोंड पूर्ण उघडले तर पुढच्या दातांमध्ये चाळीस ते पन्नास मिलिमीटर अंतर पडते. साध्या बोलण्यात त्याचा लहानसा हिस्साच वापरला जातो. जबडा इतका आडवा जाऊन दात दाबले जातात ते झोपेत. तेव्हा माणूस शुद्धीवर नसतो आणि स्नायूंना आवर घालणारे कोणी नसते. एरवी चोवीस तासांत जेवताना आणि गिळताना दात एकमेकांना लागतात तो सगळा वेळ एकत्र केला तरी जेमतेम काही मिनिटांचाच भरतो. झोपेत दात खाणाऱ्याचे दात मात्र त्याहून बराच जास्त वेळ भरडले जाऊ शकतात. सासूबाईंना आणि शिक्षकखोलीला याहून स्वच्छ उत्तर मिळणे शक्य नव्हते.

तरीही बोलण्याचा आणि झिजेचा संबंध संपला नाही, उलट तिथूनच तो सुरू झाला. दातांच्या कडा खाली गेल्या की ‘स’साठी लागणारी ती एक-दीड मिलिमीटरची जागा मोठी होते. कान ते लगेच टिपतो आणि जबड्याला हुकूम देतो की आणखी वर जा, आणखी पुढे जा, कडा शोध. वर्षानुवर्षे कणाकणाने दात झिजत गेले आणि वर्षानुवर्षे जबडा त्यांच्या मागे जात राहिला; माझ्या हे कधीही लक्षात आले नाही. डॉक्टरांनी मोबाइलवर बाजूने माझे चित्रण केले आणि मला एक ते सत्तर आकडे म्हणायला लावले. साठीतल्या आकड्यांना माझी हनुवटी प्रत्येक ‘स’ला पुढे झेपावत होती. दिवसभराच्या तासिकांमध्ये असे किती वेळा होत असेल, आणि कानापुढच्या सांध्याला व गालाच्या स्नायूंना ते किती वेळा पेलावे लागत असेल, याचा विचार केल्यावर संध्याकाळच्या दुखण्याचा उलगडा झाला. कानाच्या पाळीपुढे बोट ठेवून ‘आ’ आणि मग ‘स’ म्हटले तर हा सांधा बोटाखाली सरकताना जाणवतो. आपल्या बोलण्यात तो किती राबतो हे ज्याला पाहायचे असेल त्याने हे जरूर करून पाहावे.

मोजमापाचा दिवस मला विशेष आठवतो. नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर एकेक ठिपका काढला. ‘मम’ म्हणून ओठ सैल मिटायचे, म्हणजे जबडा आपोआप विसाव्याच्या जागी येतो, आणि त्या वेळी निरोगी माणसाच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटर अंतर असते. माझे अंतर त्याहून बरेच जास्त भरले. पण एवढ्यावर निर्णय घेता येत नाही, कारण झिजणाऱ्या दातांना शरीर हाडासकट हळूहळू पुढे ढकलत राहते, आणि कित्येकांचे दात निम्मे झिजूनही चेहऱ्याची उंची कायम राहते. अशा माणसाचे दात नुसते लांब केले तर त्याच्या जबड्याला ती उंची पेलवत नाही. म्हणून दुसरी साक्ष बोलण्याची काढतात. अमेरिकेतील दंतवैद्य मेयर सिल्व्हरमन यांनी १९५३ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरली जाते. दात मिटून धरायचे आणि वरच्या दातांची कड जिथे येते तिथे खालच्या दातावर पेन्सिलने बारीक रेघ मारायची. मग ‘स’ म्हणायचा आणि त्या वेळी कड जिथे असेल तिथे दुसरी रेघ मारायची. दोन रेघांमधले अंतर म्हणजे बोलताना जबडा दातांच्या जितका जवळ येऊ शकतो ती मर्यादा. टर्नर आणि मिसर्लियन यांनी १९८४ मध्ये झिजलेल्या दातांचे जे तीन गट पाडले, त्यांतही उंची घटली आहे की नाही हे ठरवताना हेच अंतर पाहिले जाते: ते एक मिलिमीटरच्या आसपास असेल तर उंची टिकून आहे, बरेच जास्त असेल तर ती घटली आहे. माझ्या दोन रेघांमध्ये तीन मिलिमीटर होते. दातांची उंची वाढवायला माझ्या तोंडात जागा आहे, याचा तो पुरावा ठरला.

या चाचणीसाठी विभागात जी शब्दांची यादी होती ती इंग्रजी आकड्यांची होती. इंग्रजी आकडे म्हणताना मी जपून, पाठांतर केल्यासारखी बोलत होते, आणि जपून बोलताना जबडा खरा चालत नाही. मी डॉक्टरांना म्हणाले की यादी मी करून देते. ‘स’साठी सहासष्ट, सदुसष्ट, सासर, सोसणे, ओठ आणि वरच्या दातांच्या भेटीसाठी वावर, विहीर, विसावा, विसाव्याच्या जागेसाठी मामा, मामी, आणि ज्याचा मला स्वतःला त्रास होत होता त्या दंततालव्य ‘च’साठी चमचा, चाक, चोच. ‘चार’मधला ‘च’ टाळूकडे जातो, त्याला दातांच्या कडांचे फारसे अडत नाही. ‘चाक’मधला ‘च’ मात्र सुटता सुटता ‘स’सारखा घासत जातो आणि त्याला त्या कडा हव्याच असतात. प्राध्यापकांनी यादी वाचली आणि कागदाची प्रत विभागात ठेवून घेतली, याचे मला फार समाधान वाटले. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या माणसाचा जबडा त्याच्या रोजच्या शब्दांवर तपासला गेला पाहिजे.

उपचाराचा पहिला टप्पा म्हणजे रात्री दातांवर घालण्याचा पारदर्शक, कडक नाइट गार्ड. काही आठवडे तो घातल्यावर सकाळचा ताण उतरला, आणि वाढवलेली उंची सांध्याला मानवते आहे हेही त्यातून कळले. दरम्यान दातांचे साचे घेऊन ते जबड्याच्या हालचालींची नक्कल करणाऱ्या यंत्रावर बसवले गेले आणि मेणात नवे दात घडवले गेले. पित्तावरचे औषध सुरू झाले आणि आंबट पाणी तोंडात आल्यावर लगेच दात न घासता आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, अशी सवय लावली गेली. मिश्री मी आधीच सोडली होती.

मग तो दिवस आला ज्याची मी वाट पाहत होते. मेणाच्या नमुन्यावरून तात्पुरत्या साहित्याचे दात माझ्या दातांवर चढवले गेले. पुढच्या दातांपाशी उंची सुमारे तीन मिलिमीटर वाढली होती. दाढांपाशी ती बरीच कमी वाढते, कारण जबडा कानापुढच्या सांध्याभोवती फिरतो. मी ‘सदुसष्ट’ म्हटले आणि टक् असा आवाज आला. पुन्हा म्हटले, पुन्हा टक्. जबडा जुन्याच सवयीने वर आणि पुढे झेपावत होता आणि आता तिथे दातांच्या कडा उभ्या होत्या. डॉक्टरांनी निळा कागद दातांमध्ये धरून मला तोच शब्द म्हणायला लावला; खालच्या दोन दातांच्या कडेवर निळे ठिपके उमटले. बोलण्यामुळे दातावर दात आपटतो तो अशा वेळी. अशी टकटक राहू दिली तर नवे दात फुटतात, म्हणून एवढी बारीक तपासणी. त्यांनी ते ठिपके अगदी हलक्या हाताने घासले, पण सगळे घासले नाहीत. थोडे काम जबड्यासाठी ठेवले आहे, असे त्या म्हणाल्या.

ते काम मला घरी करायचे होते. रोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचायचे आणि सातचा पाढा म्हणायचा: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. पाढ्याइतका ‘स’चा भरगच्च सराव दुसरीकडे मिळणार नाही, आणि पाढा इतका अंगवळणी पडलेला असतो की जबडा जपून चालत नाही, आपल्या खऱ्या चालीने चालतो. पहिले काही दिवस ‘स’ बोबडा येत होता आणि ‘सात’ला जीभ दातांमध्ये अडकत होती. मग एका सकाळी पाढा म्हणून झाल्यावर लक्षात आले की टक् आवाज झालेला नाही. कडा आता पूर्वीच्या जागी होत्या आणि जबडा तिथवर येऊन थांबायला शिकला होता. हनुवटीची झेप गेली होती. जी सवय लागायला वीस-पंचवीस वर्षे लागली असतील ती काही आठवड्यांत सुटावी, ही मला या साऱ्या प्रक्रियेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते, आणि तिचे श्रेय मी कानाला देते.

‘व’मध्येही फरक पडला. मराठीत ‘व’ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांच्या कडेला हलकेच टेकतो, ‘फोन’मधल्या ‘फ’लाही तसेच होते. दात आखूड असताना माझा ओठ त्यांना गाठण्यासाठी ताणला जात होता. नवे दात लागल्यावर तो सहज टेकू लागला. याच्याशी जोडलेले एक संशोधन मला प्राध्यापकांनी सांगितले आणि भाषेची शिक्षिका म्हणून ते मला अतिशय मोलाचे वाटते. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये असा विचार मांडला होता की कठीण, भरड अन्न खाणाऱ्या समाजांत दात झिजून मोठेपणी वरचे आणि खालचे पुढचे दात कडेला कड असे मिळतात, आणि अशा तोंडाला ओठ-दातांचे वर्ण उच्चारणे अवघड जाते. झुरिकच्या बाल्थाझार बिकेल यांच्या गटाने २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्याला आधार देणारे काम प्रसिद्ध केले: वरचे दात पुढे असतील तर हे वर्ण उच्चारायला स्नायूंना कमी ताकद लागते, आणि शेतीनंतर अन्न मऊ होत गेले तसे हे वर्ण जगातील भाषांमध्ये वाढत गेले. एका माणसाच्या तोंडात काही वर्षांत जे घडले तेच अवघ्या मानवजातीच्या तोंडात हजारो वर्षांत घडले असेल, तर वर्णमाला शिकवताना दातांचा उल्लेख वर्गात झालाच पाहिजे, असे मला वाटते. ‘दन्त्य’, ‘दन्तोष्ठ्य’ हे शब्द आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो, पण आरशासमोर उभे करून ‘वावर’ म्हणायला कधी लावत नाही.

टक् आवाज पूर्ण थांबल्यावर आणि पेन्सिलच्या दोन रेघांमधले अंतर सव्वा मिलिमीटरच्या आसपास स्थिरावल्यावरच कायमचे काम सुरू झाले. दाढांवर कॅप बसल्या, पुढच्या दातांची उंची कॉम्पोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, भरून काढली. पुढे कॅप न बसवण्याचे कारण असे की कॉम्पोझिट झिजले किंवा तुटले तर पुन्हा भरता येते, आणि उरलेला मूळ दात कापावा लागत नाही. हा टप्पा वेळखाऊ होता, पण सांगण्यासारखे त्यात फारसे नाही. ‘चाक’मधला ‘च’ आजही थोडा जड येतो. तेवढ्यासाठी कड आणखी घासली तर ‘स’ बिघडेल, म्हणून डॉक्टरांनी ती तशीच ठेवली आहे आणि मलाही ते पटते.

दर काही महिन्यांनी तपासणीला जाते तेव्हा डॉक्टर आधी नाइट गार्ड हातात घेतात आणि उजेडात तिरपा धरून पाहतात. मागच्या वेळी त्यांनी तो मलाही दाखवला. डाव्या-उजव्या सुळ्यांच्या जागी आडवे, पांढुरके चरे उमटले होते, आणि ते अगदी त्याच दिशेने गेले होते जिकडे पहिल्या दिवशी त्यांनी माझा जबडा सरकवायला लावला होता. गार्ड मी फक्त रात्री घालते, तो तोंडात असताना एक शब्दही बोलत नाही. नव्या दातांच्या कडांवर मात्र चकाकीची एकही खूण नव्हती, आणि शाळेतल्या तासिका पूर्वीइतक्याच चालू आहेत. चरे आणखी खोल गेले की गार्ड बदलायचा आहे.